रात्रीला भातच लावायचाय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची निपाणीकडची. माहेरी रात्री भाकरी, झुणका किंवा आमटी, आणि शेवटी ताकाबरोबर दोन घास भात. भात म्हणजे जेवण संपल्याची खूण. लग्न होऊन बेळगावात वडगाव भागात आले तर इथे उलटं. घराच्या मागं भाताची शेतं, आणि रात्री कुकर लावला नाही तर चूल पेटलीच नाही असं समजणारी माणसं. नोकरी सांभाळून रोज रात्री भात रांधायला शिकता शिकता काही गोष्टी हाताला लागल्या. आता ऑफिसातल्या पोरी, पुण्याला आणि बेंगळूरला गेलेल्या भाच्या, शेजारच्या वैनी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढलं.

सात वाजलेत, आत्ता घरी आले. आज रात्री काय करू?

चहा टाकायच्या आधी तांदूळ धुऊन भिजत घाला. चहा पिऊन, कपडे बदलून येईपर्यंत वीस मिनिटं होतात आणि तेवढं भिजवणं पुरतं. तूरडाळ करायची असेल तर तीही वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात टाका. काय करायचं हे नंतर ठरवलं तरी चालतं. भिजलेला तांदूळ खिचडीला चालतो, मसालेभाताला चालतो, साध्या भातालाही चालतो. बहुतेक जणी आधी फ्रीज उघडून विचार करत उभ्या राहतात आणि साडेसातला तांदूळ धुवायला घेतात. सगळी घाई तिथून सुरू होते.

एक वाटी तांदळाला पाणी किती?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि याचं एकच उत्तर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लग्नानंतरच्या पहिल्या जानेवारीत सासरच्या शेतातलं नवं तांदळाचं पोतं घरी आलं. मी नेहमीप्रमाणे वाटीला दोन वाट्या पाणी घातलं, तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत खळ. पोस्टर चिकटवता आली असती. त्या दिवशी नेमके नणंदेकडचे पाहुणे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नव्याला दोन वाट्या घालतंय होय कोण?" आणि त्या भाताची पेज करून, वर तूप-मीठ घालून, आजारी माणसाला द्यावी तशी सगळ्यांना वाढली.

कारण असं, की तांदूळ साठवणीत जसजसा जुना होतो तसतसे त्याच्या दाण्यातले पिष्ट आणि प्रथिनं बदलतात. जुना दाणा पाणी जास्त पितो, फुगतो आणि तरी सुटा राहतो. नवा दाणा थोड्या पाण्यात मऊ होतो आणि एकमेकांना चिकटतो. आपल्याकडे खानापूर, बेळगाव भागात मेअखेरीस धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीतली), दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. म्हणजे डिसेंबर ते मार्च घरात येतो तो तांदूळ नवा. त्याला कुकरमध्ये वाटीला दीड वाटी पाणी भरपूर झालं. पावसाळा लागेपर्यंत तोच तांदूळ पावणेदोन मागायला लागतो. वर्ष उलटलेल्याला दोन, कधी सव्वादोन. भांडं कुकरच्या आत ठेवून भात लावत असाल तर प्रत्येक वेळी यातून थोडं कमी करा, कारण आतल्या भांड्यातलं पाणी फारसं उडून जात नाही. उघड्या पातेल्यात शिजवत असाल तर अर्धी वाटी वाढवा.

उकड्या तांदळाचं गणित वेगळंच. त्याला अडीच ते तीन वाट्या पाणी आणि जास्त वेळ लागतो. घाईच्या रात्री त्याच्या वाटेला जाऊ नका, निदान अर्धा-पाऊण तास भिजला नसेल तर नाहीच.

माझी सवय सांगते. नवं पोतं किंवा नवी पिशवी फोडली की पहिल्या दिवशी अर्ध्याच वाटीचा भात लावून बघते आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवते: कुठला, कधी आणला, पाणी किती. चिठ्ठी दर तीन-चार महिन्यांनी बदलावी लागते. घरात माझ्याशिवाय कुणीही कुकर लावला तरी भात बरोबर होतो तो या चिठ्ठीमुळे. माझा मुलगा सातवीपासून भात लावतो. त्याला स्वयंपाक येत नाही, चिठ्ठी वाचता येते.

रोजच्यासाठी कुठला तांदूळ घ्यावा?

दोन प्रकारचे ठेवा. एक मऊ होणारा, एक मोकळा होणारा.

मऊमध्ये इंद्रायणी. आंबेमोहोर आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून पुण्याकडच्या वडगाव मावळच्या (आमचं वडगाव नव्हे) संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण १९८७ मध्ये आलं, आणि आता आपल्या बाजूलाही बरंच लावतात. आमटी-भात, पिठलं-भात, खिचडी, मेतकूट-भात यांना याच्यासारखा दुसरा नाही. पण याचं चित्रान्न करायला जाल तर पिवळा गोळा मिळेल.

मोकळ्यात सोना मसुरी किंवा कोलम, तोही जुना. चित्रान्न, फोडणीचा भात, वांगीभात, पुळियोगरे (कानडी चिंचेचा भात), सगळं यावर. दुकानात "जुना द्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर जे पुढं असेल ते देतात.

आणि आपला बेळगाव बासमती?

तो रोजचा नाही हो. येळ्ळूर, वडगाव, अनगोळ या पट्ट्यातला हा वासाचा तांदूळ उत्पन्नाला कमी, उंच वाढून आडवा पडणारा, म्हणून लावणारे कमी आणि भाव जास्त. त्यात शहर शेतांवर चढत चाललंय. आमच्या घरामागच्या दोन वावरांत आता इमारती आहेत.

मिळाला तर मसाल्यात बुडवू नका. साधा भात, वर तूप, कडेला साधं वरण. शिजताना शेजारच्यांना कळतं काय शिजतंय ते. आणि देहरादूनी बासमतीसारखा लांबच लांब दाणा यातून मागू नका. हा वासासाठी खायचा तांदूळ आहे.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात म्हणे. ते निवडून टाकावेत का?

टाकू नका. ते प्लास्टिक नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्याच्या आकारात पाडलेले ते दाणे असतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळलेले असतात. रंगाला जरा वेगळे, जास्त पांढरे किंवा पिवळसर दिसतात, काही वेळा धुताना वर तरंगतात, त्यामुळे लोकांना संशय येतो. आमच्या गल्लीत एका बाईंनी ताटभर निवडून बाजूला ठेवले होते, सगळ्यांना बोलावून दाखवायला.

हा तांदूळ दोनदाच, हलक्या हातानं धुवा आणि लगेच शिजवा. चवीला तो तसा सपक लागतो, म्हणून आमच्या ऑफिसातल्या आक्का त्याचा साधा भात करतच नाहीत. त्यांचा नेम फोडणीच्या भाताचा, नाहीतर दोसे-इडलीला भिजत घालायचा. मला हे पटतं.

कुकरच्या शिट्ट्या किती काढायच्या?

तांदूळ थेट कुकरात असेल तर दोन. डाळ आणि भात वेगवेगळ्या डब्यांत एकावर एक असतील तर तीन, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. डाळीचा डबा खाली, भाताचा वर. वाफ आपोआप जिरू द्या. घाईनं शिट्टी उचलून वाफ काढली की भाताचं शित बाहेरून फुटतं आणि आत कणी राहते.

शिट्टीतून पाणी उडून ओटा घाण होत असेल तर कुकर जास्त भरताय. भात-डाळीला निम्म्याच्या वर कुकर भरू नये. चमचाभर तेल घातलं की फेसही कमी होतो.

चित्रान्न आणि फोडणीचा भात यांत फरक काय? दोन्ही पिवळेच की!

पिवळे दोन्ही, पण घरं वेगळी. फोडणीचा भात आपला: भरपूर कांदा, लसूण, लाल तिखट नाहीतर कांदा-लसूण मसाला, शिळा भात, वर कोथिंबीर. कांदा तांबूस होईस्तोवर परतायचा आणि भात कढईला जरा लागू द्यायचा. ती खरपूस खरवड खायला घरात भांडणं होतात.

चित्रान्न कानडी घरातून आपल्या घरात आलं आणि आता ते कुणाचं हे कुणी विचारत नाही. तीन वाट्या शिजलेल्या, गार झालेल्या मोकळ्या भाताला तीन चमचे तेल. तेलात आधी शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग मोहरी, एक चमचा हरभरा डाळ, एक चमचा उडीद डाळ. डाळी बदामी झाल्या की कढीपत्ता, चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, हिंग, हळद. कांदा घालायचा तर थोडा, आणि नुसता पारदर्शक होईपर्यंत. गॅस बंद करा, मग भात, मीठ, शेंगदाणे, ओलं खोबरं आणि लिंबू. लिंबाचा रस चालू गॅसवर कधी घालू नका, कडवट होतो. एप्रिल-मेमध्ये लिंबं महाग आणि कैऱ्या ढीगभर, तेव्हा किसलेली कैरी फोडणीतच दोन मिनिटं परतून घ्या. मला तर कैरीचंच जास्त आवडतं.

भात ताजा असेल तर परातीत पसरून, चमचाभर तेल शिंपडून पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. गरम भात ढवळला की मोडतो.

शिळा भात खावा की नाही? कुणी म्हणतं विष, कुणी म्हणतं अमृत.

दोन्ही टोकाचं. खरा प्रश्न तो रात्रभर कुठं होता हा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानं मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात की दुसऱ्या दिवशी कितीही गरम केलं तरी ते जात नाही. उलट्या होतात त्या त्यानं. म्हणून "फोडणी दिली की सगळं मरतं" हे खरं नाही.

जेवणं आटोपली की उरलेला भात पसरट ताटात काढा, निवला की झाकून तासाभरात, फार तर दोन तासांत फ्रीजमध्ये. कुकरमध्येच झाकण लावून ठेवू नका, तिथं तो पहाटेपर्यंत कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम एकदाच करा, चांगली वाफ येईपर्यंत. मे महिन्यात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर यात सूट नाहीच. बुळबुळीत लागला, आंबूस वास आला, तर टाका. अन्न टाकल्याचं पाप वगैरे माझ्या नावावर लिहा.

बिसी बेळे भात रविवार सोडून कधी जमेल का?

जमतो, पण कारखान्यातली शिस्त लागते. बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. नावातच सांगितलंय की गरमच खायचा, आणि डाळीला कमी धरायचं नाही. वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, हळद, तेलाचे दोन थेंब आणि चार वाट्या पाणी घालून चार शिट्ट्या. तो शिजेपर्यंत दुसऱ्या गॅसवर गाजर, फरसबी, मटार, बटाटा, असतील त्या भाज्या वाफवा. मग सगळं एकत्र करून चिंचेचा कोळ, थोडा गूळ, मसाला, मीठ आणि दीड-दोन वाट्या गरम पाणी. दहा मिनिटं रटरटू द्या. वरून तुपात मोहरी, कढीपत्ता, लाल मिरची, काजू असले तर काजू. ताटात वाढताना पळीवरून वाहायला हवा. पाच मिनिटांत तो आपोआप दाटतो.

चिंच कधीही डाळीबरोबर कुकरात घालू नका. आंबटात डाळ मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या काढा. हे मी एकदा करून बसलेय. साडेनऊ वाजता माणसं ताटावर, आणि भातात तूरडाळ गारांसारखी टणक. टोमॅटोचंही तेच, डाळ शिजल्यावर घाला. आणि डाळच जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तरी वेळ लागतो, तेव्हा गरम पाण्यात भिजवणं चुकवू नका.

मसाला विकतचा चालतो, लाजायचं काही नाही. घरी करणार असाल तर त्यात एक लवंगेसारखी दिसणारी मोठी कळी लागते, तिला कन्नडमध्ये "मराठी मोग्गु" म्हणतात. गंमत अशी की मराठी घरांच्या मसाल्याच्या डब्यात ती सापडत नाही. मी पहिल्यांदा दुकानात मागितली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "तुमचीच की, तुमच्याकडं नाही?"

वांगीभात कुणाचा खरा, आपला की त्यांचा?

दोन्ही करा. आपल्या पद्धतीत वांगी, तांदूळ, गोडा मसाला सगळं एकत्र शिजतं, वांगं भातात विरघळतं. कानडी पद्धतीत वांगी तेलात मसाल्यासकट परतून घेतात आणि तयार मोकळा भात त्यात कालवतात, वांग्याची फोड अख्खी राहते. आठवड्यातल्या रात्रीला पहिली सोपी, कारण कुकर लावून तुम्ही मोकळ्या. डब्याला न्यायचा असेल तर दुसरी.

रोज वरण-भात, वरण-भात. घरातले कंटाळलेत. भात तोच ठेवून काय बदलू?

कालवण बदला. भाताच्या नव्या नव्या पाककृती शोधत बसण्यापेक्षा बाजूचं पातळ रोज वेगळं ठेवणं कितीतरी सोपं. माझ्या घरी साधारण असं चालतं.

पिठलं दहा मिनिटांत होतं. बेसन आधी पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत लसूण ठेचून आणि हिरव्या मिरच्या सढळ हातानं. भाताबरोबर पातळ, भाकरीबरोबर घट्ट, एवढं लक्षात ठेवा. कुळथाचं पीठ घरात असेल तर पावसाळ्यात त्याचं पिठलं. त्यात आमसूल हवंच. चंदगड, खानापूर, गोव्याकडची माणसं या पिठल्यासाठी घरी लवकर येतात.

टोमॅटोचं सार: चार टोमॅटो भाताबरोबरच कुकरात वेगळ्या वाटीत उकडून घ्या, चुरून गाळा, गूळ-मीठ, तुपाची जिऱ्याची फोडणी. आमसुलाचं सार तर शिजवावंही लागत नाही फारसं. सार हा शब्द आपल्या आणि कन्नडच्या सारूतला शेजार दाखवतो, फक्त त्यांच्या सारूत डाळ असते आणि मिरीचा झणका असतो. डाळीचं वरचं पाणी काढून त्यात मिरी-जिरं ठेचून, चिंच घालून सारू केलं आणि खालच्या घट्ट डाळीचं वरण केलं, तर एका डाळीत दोन दिवस निघतात.

मोड आलेली मटकी असेल तर पातळ आमटी. यात कांदा-लसूण मसाला. तिखटाचं म्हणाल तर रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, निम्मं निम्मं दळून आणा. नुसत्या संकेश्वरीवर भागवलंत तर मुलं भातावर दूध मागतील.

आणि ज्या रात्री काहीच होणार नाही असं वाटतं तेव्हा गरम भात, कच्चं तेल नाहीतर तूप, आणि शेंगदाण्याची, कारळाची किंवा जवसाची चटणी. हे पूर्ण जेवण आहे. वर ताक प्या. यात कुणी नाक मुरडलं तर उद्याचा कुकर त्यांनी लावायचा.

मासे-मटणाच्या दिवशी?

मटण हा आठवड्यातल्या रात्रीचा विषयच नाही, ते रविवारचं. मासा मात्र पटकन होतो. गोव्याकडून, कारवारकडून घाट चढून आलेला बांगडा मिळाला तर ओलं खोबरं, धणे, ब्याडगी मिरची, हळद वाटून, चार तिरफळं ठेचून आणि आमसूल घालून वीस मिनिटांत आमटी. मासा घातल्यावर पळी फिरवू नका, भांडं हलवा.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीचे दिवस. सुकट कोरडी भाजून, निवडून, धुऊन घ्या. कांदा, बटाटा नाहीतर वांगं, आमसूल आणि सुकट, बाहेर पाऊस. शेजारी शाकाहारी असतील तर भाजताना खिडकीची बाजू बघा.

सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणाऱ्या घरात बाकीचे दिवस अंडी धावून येतात. उकडलेली अंडी भाताच्याच कुकरात, वरच्या डब्यात शिजतात, वेगळा गॅस कशाला.

खिचडी केली की घरातले विचारतात, "कोण आजारी आहे?"

कारण तुम्ही आजाऱ्याचीच करता. वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ तुपावर चांगली परता, वास सुटला पाहिजे. फोडणीत मिरी, लवंग, जिरं, आल्याचा किस. पाणी गरमच घाला, साडेतीन वाट्या. दोन शिट्ट्या. बरोबर तळलेला पापड, लोणचं, आणि ताकाची कढी जमली तर कढी. सालीची मूगडाळ घातली तर चव अजून खोल लागते, रंग मात्र मळकट येतो. मुलांना तेवढं सांगून ठेवा.

दहीभात आंबट होतो, काय करू?

दही कमी, दूध जास्त. गरम भात पळीनं मोडून त्यात आधी दूध घाला, कोमट झाला की दोन-तीन चमचे दही. डब्याला नेलात तर दुपारपर्यंत दूध विरजून बरोबर चवीला येतो. फोडणी मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, आलं. आणि तळलेली सांडगी मिरची. ती नसेल तर मी दहीभात करतच नाही, एवढं माझं तिच्यावाचून अडतं.

रात्री भात खाल्ला की सर्दी होते का?

नाही. सासूबाईंना अजून हे पटलेलं नाही.

घरात मधुमेहाचा माणूस आहे. मग?

पथ्य डॉक्टर सांगतील ते. स्वयंपाकघरापुरतं मी काय करते ते सांगते. सासऱ्यांच्या ताटात भात वाटीनं मोजून, आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भात. वरण घट्ट, भात थोडा. निपाणीची मी असल्यामुळे ज्वारीची एक भाकरी त्यांना करून देणं मला जड जात नाही. पेज, गुरगुट्या भात, खूप मऊ खिचडी त्यांना देत नाही, कारण जितका भात जास्त शिजतो तितकी साखर लवकर चढते.

पावसाळ्यात लाईट जाते. मिक्सरशिवाय काय करता येईल?

वर सांगितलेल्यापैकी निम्म्याहून जास्त. पिठलं, खिचडी, चित्रान्न, मेतकूट-भात यांना वाटण लागत नाही. खलबत्ता हाताशी ठेवा. लसूण, आलं, मिरची, मिरी ठेचायला तो मिक्सरपेक्षा लवकर होतो, आणि धुवायला एकच भांडं.

रविवारी काय करून ठेवलं तर आठवडा सोपा जातो?

फार काही करून ठेवू नका, नाहीतर रविवार जातो. चिंचेचा कोळ बाटलीभर, लसूण सोललेला डबाभर, ओलं खोबरं खवून फ्रीजरमध्ये, एक कोरडी चटणी. मटकी भिजत घातली की मंगळवारपर्यंत मोड. बस्स. चिरलेल्या भाज्यांचे सात डबे करून ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात. गुरुवारी त्या डब्यांचा वास मीही घेतलाय.

भात करपला तर?

ढवळू नका. लागलीच वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा, बुडाला हात लावू नका. वर पावाचा तुकडा किंवा कांद्याची चकती ठेवून दहा मिनिटं झाका, वास बराच ओढला जातो. मग त्याचा फोडणीचा भात करा. साध्या भातात तो वास लपत नाही.

माणशी किती तांदूळ धरावा, आणि आयत्या वेळी कुणी आलं तर?

भाकरी-चपाती असेल तर माणशी पाव वाटी, नुसता भात असेल तर अर्धी ते पाऊण. शिजून साधारण तिप्पट होतो. कॉलेजातल्या पोराला हे माप लागू नाही.

आठ वाजता दारात कुणी उभं राहिलं, "जेवूनच जा की" म्हणून बसलात आणि भात चौघांचाच आहे, तर दुसरा कुकर लावत बसू नका. पिठल्यात दोन वाट्या गरम पाणी ओतून अजून एक उकळी काढा, पापड भाजा, कांदा फोडा. पाहुण्याला आधी वाढा. तोवर मुलाला चिठ्ठी वाचून छोट्या कुकरात वाटीभर तांदूळ लावायला सांगा, वीस मिनिटांत तो दुसऱ्या वाढीला येतो.